बारावीला शारीरिक शिक्षण : मैदानावरच्या विषयाचा पेपर नेमका असतो कसा?

सीबीएसई शाळेत अकरावीचा विषय निवडीचा अर्ज भरताना इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित इथपर्यंत घरात एकमत असतं. अडतं ते पाचव्या रकान्यापाशी. मुलगी म्हणते, ‘फिजिकल एज्युकेशन घेते.’ आई-बाबांच्या डोळ्यांसमोर लगेच त्यांच्या वेळचा पीटीचा तास उभा राहतो : शिट्टी, कवायत, आणि पोर्शन मागे पडला म्हणून गणिताच्या बाईंनी मागून घेतलेला तास. मग घरातून दोनपैकी एक उत्तर येतं. ‘हा काय विषय आहे का?’ किंवा, ‘घे, घे, मार्क सोपे असतात.’

मी हा विषय अकरावी-बारावीला शिकवतो आणि दोन्ही उत्तरं मला तितकीच खटकतात. हा विषय स्वस्त समजून घेणारी मुलं लेखी परीक्षेत अडखळतात. धावण्यात पुढे असलेल्या मुलाला वाटतं, आपल्याला तर हे सगळं येतंच. पण तुम्ही किती वेगानं धावता, हे पेपर विचारत नाही. धावताना तुमच्या हृदयात, स्नायूंत आणि हाडांत काय घडतं आणि ते का घडतं, हे विचारतो. पूर्ण विषय या ‘का’वर उभा आहे. ते एकदा लक्षात आलं की पाठांतराचं निम्मं ओझं उतरतं.

आधी एक फरक स्पष्ट करतो, कारण त्यावरून पालकांचा फार गोंधळ होतो. आपल्या राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा विषय आहे, पण त्याला श्रेणी मिळते. बोर्डाच्या टक्केवारीत तो धरला जात नाही. खेळाडू विद्यार्थ्यांना राज्य मंडळ सवलतीचे क्रीडागुण देतं, ती वेगळी तरतूद. ती स्पर्धांतल्या कामगिरीसाठी असते. सीबीएसईच्या बारावीत मात्र शारीरिक शिक्षण हा इतिहास किंवा अर्थशास्त्रासारखाच पूर्ण शंभर गुणांचा ऐच्छिक विषय आहे. त्याचा सांकेतिक क्रमांक ०४८. या लेखात बोलायचं आहे ते याच विषयाबद्दल.

सत्तर आणि तीस

शंभरपैकी ७० गुण लेखी परीक्षेला आणि ३० प्रात्यक्षिकाला. लेखी पेपर तीन तासांचा. अलीकडच्या वर्षांतल्या नमुना प्रश्नपत्रिका पाहिल्या तर ३७ प्रश्न पाच विभागांत असतात. पहिले १८ प्रश्न एकेका गुणाचे बहुपर्यायी. मग दोन गुणांच्या सहापैकी पाच, तीन गुणांच्या सहापैकी पाच, चार गुणांचे तीन केस स्टडी आणि शेवटी पाच गुणांच्या चारपैकी तीन. केस स्टडीत एखादा प्रसंग, चित्र किंवा आलेख देऊन त्यावर छोटे प्रश्न विचारतात. बोर्ड अभ्यासक्रम आणि नमुना पेपर दरवर्षी नव्यानं जाहीर करतं, त्यामुळे ताईच्या किंवा दादाच्या जुन्या गाईडवर विसंबू नका.

बारावीला दहा धडे असतात : स्पर्धांचं आयोजन, मुलं आणि महिलांचा क्रीडासहभाग, जीवनशैलीच्या आजारांसाठी योग, दिव्यांगांसाठी शारीरिक शिक्षण, आहार, चाचण्या आणि मापन, शरीरक्रिया आणि दुखापती, जैवयांत्रिकी, क्रीडा मानसशास्त्र आणि प्रशिक्षण पद्धती. यादी वाचूनच कळेल की यात थोडं जीवशास्त्र आहे, थोडं भौतिकशास्त्र, थोडं गणित आणि बरंच व्यवहारज्ञान. मुलं जिथे जास्त अडतात आणि समजल्यावर ज्यांची गोडी लागते, त्या भागांवर मी इथे जास्त थांबणार आहे.

एकोणीस संघ, अठरा सामने

पहिल्याच धड्यात भाग्यपत्रिका येते, म्हणजे स्पर्धेचं फिक्स्चर, कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता. मुलं इथे सूत्रं पाठ करतात आणि पेपरात वरची संख्या खाली लिहून येतात. सूत्र पाठ करण्याआधी ते कुठून आलं ते बघू.

समजा तालुका पातळीवर १९ संघांची कबड्डी स्पर्धा बाद पद्धतीनं घ्यायची आहे. एकूण सामने किती होतील? फेऱ्या मांडत बसायची गरज नाही. बाद पद्धतीत प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो. शेवटी एकच विजेता उरायला हवा, म्हणजे १८ संघ घरी जायला हवेत. म्हणून सामने १८. संघ कितीही असोत, सामने त्यापेक्षा एकानं कमी. हे इतकं सरळ आहे की एकदा समजल्यावर विसरता येत नाही.

आता पुढे चाल, म्हणजे बाय. अंतिम फेरीत २ संघ, उपांत्य फेरीत ४, त्याआधी ८, त्याआधी १६, मग ३२. प्रत्येक वेळी दुप्पट. आपले १९ संघ या साखळीत बसत नाहीत. त्यांच्या पुढची बसणारी संख्या ३२. बत्तिसातून एकोणीस गेले, उरले १३. तेरा संघांना पहिल्या फेरीत न खेळता पुढे चाल मिळेल. राहिलेले सहा संघ आपसात तीन सामने खेळतील, तीन जिंकतील, आणि तेरा अधिक तीन मिळून दुसऱ्या फेरीत बरोबर १६ संघ होतील. ही पडताळणी कच्च्या कामात करून बघायची सवय लावा. सोळा आले नाहीत तर कुठेतरी चूक झाली आहे, हे उत्तर लिहिण्याआधीच कळतं.

पुढची पायरी दोन भागांची. संघांची संख्या विषम असेल तर वरच्या भागात एक संघ जास्त : वर १०, खाली ९. बायची संख्या विषम असेल तर उलट, खालच्या भागात एक जास्त : वर ६, खाली ७. हे उलट का, ते आकडे मांडले की दिसतं. वर दहापैकी सहांना पुढे चाल, चौघे दोन सामने खेळणार, दोन जिंकणार. सहा आणि दोन आठ. खाली नऊपैकी सातांना पुढे चाल, दोघांचा एक सामना, एक विजेता. सात आणि एक आठ. दोन्ही बाजूंना आठ-आठ. बाय उलटे वाटले नसते तर हा तोल साधलाच नसता.

बाय कुणाला द्यायची याचाही क्रम ठरलेला आहे. पहिली खालच्या भागातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या भागातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या भागातल्या पहिल्याला, चौथी वरच्या भागातल्या शेवटच्याला, आणि असंच पुढे. त्यामुळे बाय एका कोपऱ्यात न साचता सगळीकडे पसरतात.

साखळी पद्धतीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. सहा संघ असतील तर प्रत्येकाचे पाच सामने; सहा पंचे तीस. पण ‘अ विरुद्ध ब’ आणि ‘ब विरुद्ध अ’ हा एकच सामना आपण दोनदा मोजला, म्हणून अर्धे करायचे : १५. दुहेरी साखळीत हे अर्धं करणं नाही, कारण प्रत्येक जोडी खरंच दोनदा भिडते. २०१९च्या प्रो कबड्डीत १२ संघ दुहेरी साखळीत खेळले होते. बारा गुणिले अकरा, १३२ साखळी सामने. वर्तमानपत्रातलं वेळापत्रक आणि पुस्तकातलं सूत्र एकच आहे, हे मुलांना अशा वेळी दिसतं.

पंधरा सामन्यांचं मैदान, पंच, जेवण, दिवस हे सगळं ठरवायला हाच हिशेब लागतो. गावच्या मंडळाची स्पर्धा भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना हे न शिकता येतं. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर त्याच्याबरोबर एकदा बसून भाग्यपत्रिका काढून बघा. वर्गात दोन तास जे कळत नाही, ते तिथे लगेच कळतं.

हृदयाचा हिशेब

शरीरक्रियेच्या धड्यात कार्डिॲक आउटपुट म्हणून एक संकल्पना येते. हृदय एका मिनिटात एकूण किती रक्त बाहेर ढकलतं, तो आकडा. तो काढायला दोन गोष्टी लागतात : एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं आणि मिनिटाला किती ठोके पडतात. स्वस्थ बसलेल्या सर्वसाधारण प्रौढ माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं आणि मिनिटाला साधारण ७२ ठोके देतं. गुणाकार केला तर जवळपास पाच लिटर.

आता लांब पल्ल्याचा मुरलेला धावपटू घ्या. त्यालाही स्वस्थ बसल्यावर पाच लिटरच लागतात, कारण बसलेल्या शरीराची गरज तेवढीच असते. पण वर्षानुवर्षांच्या सरावानं त्याच्या हृदयाचा डावा कप्पा मोठा आणि बळकट झालेला असतो. एका ठोक्यात तो १०० मिलिलिटर ढकलतो. मग त्याला ५० ठोके पुरतात. सरावलेल्या खेळाडूची विश्रांतीतली नाडी संथ का असते, याचं उत्तर एवढंच आहे. आणि शर्यतीत जेव्हा ठोके १८०च्या पुढे जातात, तेव्हा मोठ्या ठोक्याच्या जोरावर हेच हृदय न सरावलेल्या हृदयाच्या कितीतरी पुढे निघून जातं.

‘व्यायामाचे रक्ताभिसरण संस्थेवर होणारे परिणाम’ हा पाच गुणांचा प्रश्न हमखास येतो. मुलं लिहितात : हृदय मजबूत होते, रक्त शुद्ध होते, ताजेतवाने वाटते. असल्या वाक्यांना गुण मिळत नाहीत. वरचा हिशेब दोन ओळींत मांडून ‘म्हणून विश्रांतीतली नाडी कमी होते’ असं लिहिलं, तर परीक्षकाला समोरच्याला विषय कळलाय हे दिसतं. तात्पुरते परिणाम आणि दीर्घकालीन परिणाम वेगळे लिहा. धावताना नाडी वाढते, हा तात्पुरता. महिनोन्महिन्यांच्या सरावानं ती कमी होते, हा दीर्घकालीन. दोन्ही एकाच उत्तरात सरमिसळ केले की उत्तर स्वतःलाच खोडतं.

याच धड्यात स्नायूंच्या तंतूंचे दोन मुख्य प्रकार आहेत. संथ आकुंचनाचे तंतू लालसर असतात, ऑक्सिजन वापरून तासन्‌तास काम करतात, लवकर थकत नाहीत. जलद आकुंचनाचे फिकट असतात, झटक्यात जोर लावतात आणि तितक्याच झटक्यात दमतात. मॅरेथॉनपटूत पहिले जास्त, शंभर मीटरच्या धावपटूत दुसरे. कुणात कशाचं प्रमाण किती, हे बरंचसं जन्मतः ठरलेलं असतं. म्हणून प्रत्येक मुलाला एकाच खेळात ढकलू नये, असं मी पालकांना पोटतिडकीनं सांगतो. बीडच्या अविनाश साबळेंनी स्टीपलचेसमध्ये २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. तीन हजार मीटरची ती शर्यत दमाची आहे. त्यांना शंभर मीटरला उभं केलं असतं तर देशाचं काहीच भलं झालं नसतं.

लांब उडी पंचेचाळीस अंशांत का मारत नाहीत?

जैवयांत्रिकी, म्हणजे खेळातलं भौतिकशास्त्र. न्यूटनचे नियम, संतुलन, घर्षण, गुरुत्वमध्य, फेकलेल्या वस्तूचा मार्ग. विज्ञान शाखेच्या मुलांना हा धडा सोपा जातो. वाणिज्य आणि कला शाखेची मुलं घाबरतात, पण कबड्डी खेळलेल्या मुलाला घाबरायचं कारण नाही. चढाई करणारा खेळाडू गुडघ्यांत वाकून, पाय फाकवून का उभा राहतो? वाकल्यानं गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू, खाली येतो, पाय फाकवल्यानं आधाराचा पाया रुंद होतो. गुरुत्वमध्य जितका खाली आणि पाया जितका रुंद, तितकं शरीर स्थिर. धावायला सुटणारा धावपटू उलट करतो : बोटांवर पुढे झुकून तो गुरुत्वमध्य आधाराच्या पुढच्या कडेपर्यंत नेतो, म्हणजे तो मुद्दाम अस्थिर होतो, कारण त्याला लगेच निघायचं असतं.

फेकीबद्दल पुस्तकात ४५ अंशांचा उल्लेख येतो. वस्तू ज्या उंचीवरून सुटते त्याच उंचीवर पडत असेल आणि हवेचा अडथळा धरला नाही, तर ४५ अंशांत ती सर्वांत लांब जाते. पण गोळा खांद्याच्या वरून सुटतो आणि जमिनीवर पडतो. सुटण्याची जागा पडण्याच्या जागेपेक्षा उंच असली की योग्य कोन ४५ पेक्षा कमी होतो. लांब उडीत तर चांगले खेळाडू साधारण २० अंशांच्या आसपासच उडतात. त्याचं कारण वेगात आहे. धावत येऊन मिळवलेला आडवा वेग सगळ्यात मोलाचा. ४५ अंशांत उडायचं म्हटलं तर फळीवर जवळजवळ थांबून वर उसळावं लागेल आणि तो वेग मातीत जाईल. म्हणून उंची थोडी सोडून वेग वाचवायचा. ‘सुटण्याचा वेग, सुटण्याचा कोन, सुटण्याची उंची, हवेचा रोध, गुरुत्वाकर्षण’ ही पाच नावं सगळी मुलं लिहितात. त्यातल्या प्रत्येकापुढे खेळातलं एक उदाहरण जोडलं की उत्तर पूर्ण होतं.

चोळू नका

दुखापतींचा भाग परीक्षेपुरता नाही, घरासाठीही आहे. सांध्यातली दोन हाडं एकमेकांशी बांधणारा अस्थिबंध ताणला किंवा फाटला तर ती स्प्रेन. पाय मुरगळतो तेव्हा हेच होतं. स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारी कंडरा ताणली तर ती स्ट्रेन. धावताना मांडीच्या मागे चमक भरते ती ही. मुका मार म्हणजे कंट्यूजन, खरचटणं म्हणजे ॲब्रेजन, धारदार वस्तूनं सरळ कापलं तर इन्सिजन, वेडीवाकडी फाटलेली जखम ती लॅसरेशन. हाडाच्या मोडण्यातही प्रकार : लहान मुलांचं कोवळं हाड ओल्या फांदीसारखं वाकून एका बाजूनं चिरतं, तो ग्रीनस्टिक, चुरा झाला तर कमिन्युटेड.

मुरगळलेल्या पायावर पहिला उपचार पाच पायऱ्यांचा : जागा सुरक्षित करा, विश्रांती द्या, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवा, इलॅस्टिक पट्टी बांधा, पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवा. आपल्याकडे मैदानावरून लंगडत आलेल्या पोराचा पाय गरम तेलानं चोळायची सवय फार जुनी आहे. ताज्या दुखापतीत ऊब आणि चोळण्यानं तिथला रक्तप्रवाह वाढतो, आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. हाड मोडलेलं असेल तर त्याहून वाईट. विद्यार्थ्यांनो, हा धडा वाचलात की आजीला समजावून सांगा. तिचं प्रेम खरं आहे, पण पहिले दोन-तीन दिवस तेल बाजूला राहू दे.

मोजणं आणि मोजण्याच्या मर्यादा

चाचण्यांच्या धड्यात खेलो इंडिया चाचणी आहे. ९ ते १८ वयोगटासाठी त्यात बीएमआय, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकण्याची लवचीकतेची चाचणी आणि पोट व हाताच्या ताकदीच्या चाचण्या. धावांनी वेग आणि दम कळतो, बाकीच्यांनी इतर घटक. कुठली चाचणी काय मोजते, ही जोडी पक्की हवी. बहुपर्यायी प्रश्न तिथूनच येतात.

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ५२ किलो आणि १.६० मीटर असेल तर ५२ भागिले २.५६, म्हणजे २०.३. उंची सेंटिमीटरमध्ये ठेवून भागाकार करणारी मुलं दरवर्षी भेटतात. आणि हा आकडा सर्वज्ञ नाही, हेही लक्षात घ्या. १.७५ मीटर उंचीचा, ८० किलो वजनाचा पिळदार पहिलवान या हिशेबानं २६च्या वर जातो आणि प्रौढांच्या तक्त्यात ‘जास्त वजनाचा’ ठरतो. स्नायू किती आणि चरबी किती, हे बीएमआयला कळत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी तर वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते वापरतात.

हार्वर्ड स्टेप टेस्टमध्ये मुलांसाठी २० इंच आणि मुलींसाठी १६ इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा या लयीत पाच मिनिटं चढ-उतार करायची. थांबल्यावर एक मिनिट जाऊ द्यायचं आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात नाडी मोजायची. व्यायामाचे सेकंद गुणिले १००, भागिले नाडीच्या ठोक्यांची ५.५ पट. पूर्ण पाच मिनिटं केली आणि ७० ठोके आले, तर ३०,००० भागिले ३८५, म्हणजे साधारण ७८. ठोके जितके कमी, तितका भागाकार मोठा. हृदय लवकर शांत होणं हीच तंदुरुस्तीची खूण, असं ही चाचणी धरून चालते. मुलांनो, एकदा खरोखर करून बघा, पण दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सरांना किंवा बाईंना सांगा.

जो धडा घाईत उरकला जातो

महिलांच्या क्रीडासहभागाच्या धड्यात मासिक पाळी आणि ‘फीमेल ॲथलीट ट्रायड’ येतं. पुष्कळ वर्गांत इथे शिक्षक ‘हे घरी वाचा’ म्हणून पान उलटतात. मला हे सरळ चुकीचं वाटतं. तीन गोष्टींची ही साखळी आहे. वजन कमी ठेवायच्या दडपणाखाली मुलगी गरजेपेक्षा कमी खाते, सराव मात्र तेवढाच राहतो. शरीर उरलेली ऊर्जा जपण्यासाठी पाळी थांबवतं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. मग साध्या सरावातही हाडाला तडे जातात. ‘खेळाडू मुलींची पाळी थांबतेच, काळजी नको’ असं सांगणारे लोक आहेत. पाळी थांबणं हा शरीरानं दिलेला इशारा आहे आणि डॉक्टरकडे जायला हवं, हे वर्गातल्या मुलांना आणि मुलींना एकत्र सांगायला पाहिजे. उद्या त्यांतलंच कुणी प्रशिक्षक होणार आहे.

दिव्यांगांच्या धड्यात तीन मोठ्या स्पर्धांची सरमिसळ होते. श्रवणदोष असलेल्यांसाठी डेफलिंपिक्स, पहिल्यांदा १९२४, पॅरिस. शारीरिक अपंगत्वासह इतर काही गटांसाठी पॅरालिंपिक्स, १९६०, रोम. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी स्पेशल ऑलिंपिक्स, १९६८, शिकागो. पॅरालिंपिक्समध्ये भारताचं पहिलं सुवर्णपदक १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात मिळालं. मिळवणारे मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान. उत्तरात हे उदाहरण द्याच.

योगाच्या धड्यात लठ्ठपणा, मधुमेह, दमा, उच्च रक्तदाब आणि पाठदुखी-संधिवात यांसाठीची आसनं आहेत. कृती आणि फायदे सगळे लिहितात. ‘कुणी करू नये’ हा भाग सुटतो आणि गुण तिथे जातात. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी किंवा हर्निया असलेल्यांनी धनुरासन टाळायचं, असं प्रत्येक आसनासाठी माहीत हवं. आसनांचे परिणाम उपकरणांनी मोजून बघायचं काम आपल्या लोणावळ्यातच सुरू झालं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये तिथे कैवल्यधाम स्थापन केलं.

मानसशास्त्र आणि प्रशिक्षण पद्धती हे धडे उदाहरणांवर तरतात. स्नायूंची लांबी न बदलता लावलेला जोर आयसोमेट्रिक : मल्लखांबावर पकड धरून स्थिर राहणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. पुश-अपमध्ये स्नायूंची लांबी बदलते, ते आयसोटॉनिक. फार्टलेक ही वेग सतत बदलत धावायची पद्धत स्वीडनच्या गोस्ता होल्मर यांनी १९३७च्या सुमारास आणली.

प्रात्यक्षिकाचे तीस

तंदुरुस्ती चाचणीला ६, निवडलेल्या एका खेळातल्या कौशल्याला ७, योगाला ७, रेकॉर्ड फाइलला ५ आणि तोंडी परीक्षेला ५. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वेगळी ब्रॉकपोर्ट चाचणी आहे, शाळेला ती माहीत नसेल तर मागणी करा. कौशल्य म्हणजे पदक नव्हे. कबड्डीत बोनस घेताना पाय कुठे पडतो, पकड कशी लागते, हे नीट दाखवता आलं पाहिजे. कबड्डी आणि खो-खो दोन्ही चालतात, त्यामुळे महागडं साहित्य नाही म्हणून अडायला नको.

फाइल डिसेंबरात एका रात्रीत उतरवून काढू नका. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक तीच उघडतात आणि त्यातलंच विचारतात. मैदानाची आकृती मापांसह हवी : कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८, मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा, राखीव क्षेत्र दाखवून. ज्या खेळाची फाइल, त्याचे ताजे नियम वाचून जा.

पुढे काय?

जेईईच्या मार्गानं आयआयटी-एनआयटीत जाताना बारावीला ७५ टक्क्यांची एक अट असते. तिथे तीन विज्ञान विषय, एक भाषा आणि आणखी एक विषय धरतात. तो पाचवा शारीरिक शिक्षण असू शकतो. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी परीक्षेतही या विषयाचा स्वतंत्र पेपर आहे. मात्र क्रीडा फिजिओथेरपी करायची असेल तर जीवशास्त्र सोडू नका. फिजिओथेरपीचा प्रवेश त्यावर ठरतो, शारीरिक शिक्षणावर नाही. ही गोष्ट अकरावीच्या अर्जाच्या वेळीच बघायला हवी, बारावीनंतर उपाय उरत नाही.

शिक्षक व्हायचं असेल तर पदवीनंतर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदवी. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था ही या क्षेत्रातली जुनी नावं. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. महाराष्ट्रात बी.पी.एड.च्या प्रवेशासाठी सीईटी असते आणि तिच्यात लेखी पेपरबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते, त्यामुळे अकरावीत लागलेली सहाशे मीटरची सवय पदवीच्या तीन-चार वर्षांत मोडू देऊ नका.